अठरा हजारांवरचा काशिराम

काशिरामला शेठनं सुपरवायझर केला तेव्हा आमच्या वाडीनं बॅनर लावला.

आपटा गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. चाळीस घरं, सगळी वीटभट्टीवर नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर राबणारी. आपल्यातला कुणी साहेब झालेला वाडीनं पाहिला नव्हता. काशिरामचा चुलतभाऊ गणू खांदा कॉलनीत जाऊन दहा फुटांचा बॅनर छापून घेऊन आला. त्यात काशिराम काळा गॉगल लावून, अंगात निळा कोट. खाली, 'सुपरवायझरपदी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

"आयला काश्या, ह्यो कोट कोनाचा रं?" मी विचारलं.

"कोट बॅनरवाल्याचा," तो हसला, "मुंडका माजा."

त्याचा म्हातारा बा रोज संध्याकाळी त्या बॅनरखाली जाऊन बसायचा. वाचता येत नव्हतं, मग येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचून घ्यायचा.

खरं काय ते एकट्या शांतीला, काशिरामच्या बायकोला ठाऊक होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात शेठचं गोदाम. तिथं काशिराम सतरा वर्षं माल उचलत होता, आणि साहेब झाल्यावरही उचलतच होता. गळ्यात कार्ड आलं, वहीत सही करायचं काम वाढलं, पगार सोळाचा साडेअठरा हजार झाला. बाकी क्रेनला साखळी बांधायची, गज ओढायचे, ट्रकवर चढून पत्रे लावायचे, सगळं तेच. फक्त घरी यायच्या आधी तो घासून हात धुवायचा, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि गंजानं माखलेले कपडे पिशवीत कोंबायचा. शांती ते भर दुपारी, नदीवर कुणी नसताना धुवायची. ज्या धोंड्यावर आपटायची तो धोंडा लाल झाला होता.

वर्षभरानं एक दिवस क्रेनच्या साखळीची कडी उघडलेली दिसली. काशिराम म्हणाला, कडी बदलल्याबिगर माल उचलायचा नाय, खाली मानसा हायेत. शेठ म्हणाला, ट्रक थांबलाय. काशिराम हलला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं त्याचं कार्ड काढून घेतलं. ना चिठ्ठी, ना चौकशी.

पनवेलात नीता मॅडम म्हणून वकीलबाई आहेत, त्यांच्याकडं मीच त्याला नेला. त्यांनी सगळं ऐकलं, पगाराची स्लिप बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काशिराम, जो दुसऱ्यांवर देखरेख करतो आणि अठरा हजारांच्या वर पगार घेतो, त्याला कायदा कामगार धरत नाही. आणि कामगार नसलात तर चुकीचं काढलं म्हणून कामगार कोर्टात दाद मागता येत नाही. पगार काही आपल्याला बदलता येणार नाही. पण सुपरवायझर नुसता कागदावर होतो, हातानं माल उचलत होतो, एवढं कोर्टात स्पष्ट सांगा. मग पगार आड येत नाही."

"सांगन की," काशिराम म्हणाला. "खराच हाय तो."

उलटतपासणीच्या दिवशी बा हट्टानं आला. काशिरामनं पहिल्या वाढीव पगारात घेतलेला शर्ट घालून माझ्या शेजारी बसला. शेठच्या वकिलानं एक फोटो पुढं केला. बॅनरचा. गणूनंच मोबाईलवर टाकलेला, गावभर फिरलेला.

"हे तुम्हीच ना?"

"मीच."

"इथं सुपरवायझर लिहिलंय. वाडीला फसवलंत का तुम्ही?"

काशिरामनं नीता मॅडमकडं पाहिलं. मग मागं पाहिलं. बा बाकावर पुढं सरकून बसला होता. इथंही कुणी आपल्या पोराचा बॅनर वाचतंय म्हणून त्याचं तोंड खुललं होतं.

"बोला. फसवलंत?"

"नाय."

"म्हणजे सुपरवायझर होतात."

"व्हतो."

"मग माल कोण उचलायचं?"

काशिरामनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "मानसा उचलायची. मी सांगायचो."

नीता मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

बाहेर टपरीवर चहा घेताना बा म्हणाला, "चांगला बोललास. कोर्टात खराच बोलायचा." काशिराम बशीत बघत राहिला. मी मेला आपला खारी बुडवत बसलो.

निकाल आला. काशिराम कामगारच नाही, तेव्हा त्याला काढलं ते बरोबर की चूक, हे इथं बघायचंच नाही. त्या कडीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

 तिसऱ्या दिवशी शांती माझ्यादेखत त्याला म्हणाली, "मला इचारला असता तर मी तो धोंडा दाखवला असता."

"धोंडा कोर्टात कोन नेतो गो?"

"तू! शेठचा सगला लोखंड उचललास, तुला एक धोंडा जड झाला?"



आता तो कर्जतकडच्या भट्टीवर जातो. जवळच्या भट्टीवर बाची ओळख, म्हणून एवढं लांब. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, बाला वाटतं दुसऱ्या गोदामात साहेब लागला. येताना पिशवीत विटांच्या भुकटीनं भरलेले कपडे. शांती ते दुपारीच धुते, त्याच धोंड्यावर. त्याचा लाल रंग काही जात नाही.