पत्र्यावर फोडलेले नारळ

आमच्या धाकट्या भाऊजींनी आजवर जितके नारळ फोडलेत, तितके इंदापूर तालुक्यातल्या सगळ्या देवांना मिळूनसुद्धा पोचले नसतील. धाकटे म्हणजे माझे दीर. डोकं सगळं पांढरं झालं, तरी मला ते धाकटेच. ट्रॅक्टरला टायर बसला, नारळ. बोअरात मोटर सोडायची, नारळ. पुतण्यानं नवा मोबाईल आणला, तर त्याच्यापुढंही उंबऱ्यावर नारळ फुटला आणि सगळं पाणी मोबाईलच्या खोक्यात गेलं. बारामतीला रक्त तपासायला गेले, तर पिशवीत नारळ. तिथल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, हे कशाला?" म्हणाले, "सुई नवीच हाय न्हवं? मग!" जाऊबाई पार कावून जायच्या. आमच्या आमटीत खोबरं, वांग्यात खोबरं, पिठल्यातसुद्धा खोबरं. "पाव्हणं इचारत्यात, तुमी कोकणातलं का म्हणून," असं म्हणायच्या आणि पुन्हा खवायला बसायच्या.

लोक हसतात. मीही हसते. पण हे कुठून सुरू झालं ते मला ठाऊक आहे, आणि ते हसण्यासारखं नाही. आमच्या विहिरीचा गाळ काढायचा होता. तो वर ओढायला यारी लावली होती, तारेला बादली. काम सुरू करण्याआधी यारीपुढं नारळ फोडायचा, तो भाऊजींनी आणला होता. पण उशीर झाला होता, तर आमचे मालक, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणाले, "ऱ्हाऊ दे पिशवीत, दुपारी फोड," आणि आत उतरले. दुपारच्या आत तार तुटली, भरलेली बादली खाली गेली. मालकांना वर काढलं ते झाकूनच. तार गंजलेली होती, घरातल्या सगळ्यांनी ती पाहिली होती. पण भाऊजींच्या डोक्यात एकच बसलं, नारळ पिशवीत राहिला. तेव्हापासून त्यांनी एकही नारळ पिशवीत राहू दिला नाही.

पुढं पुतण्यानं, म्हणजे भाऊजींच्याच मुलानं, शेतावर पर्यटनाचं काढलं. झोपड्या, बैलगाडी, हुरडा, आणि पोरांना डुंबायला गोल हौद. बाहेरून पत्र्याची भिंत, आतून निळं प्लास्टिक. शेततळ्याच्या कागदासारखंच असतं ते, म्हणून आम्ही त्याला कागदच म्हणतो. शाळांच्या सहली येऊ लागल्या. भाऊजींनी त्या पाण्यात कधी पाय घातला नाही, पण सहल आली की शिडीजवळ पत्र्याच्या काठावर एक नारळ फुटायचाच. "बालगोपाळ हायती, वैनी. इथं चुकून चालायचं न्हाय."

औंदा कागद चिरला, पाणी झिरपायला लागलं. हौद रिकामा केला, जुना कागद फाडून काढला, आणि शिडीजवळ बघतो तर पत्रा भाजलेल्या पापडासारखा झालेला. भवानीनगरहून आलेल्या वेल्डरनं पेचकस टेकवला, तो आरपार बाहेर! "बाकी भिंत ठणठणीत," तो म्हणाला, "मग हितंच काय झालं?" पुतण्यानं काठावरून हात फिरवला. सगळा चेपलेला, वरचं जस्त उडालेलं. तो बापाकडं बघायला लागला.

"आबा, नारळ! त्याचं पाणी सगळं कागदाच्या मागं उतरत व्हतं. पोरं आत असताना फाटलं असतं तर?"

भाऊजी वाकले. त्या भोकात बोट घातलं, बोटाला लागलेला लाल भुगा बघत राहिले. मग म्हणाले, "मोडून टाक हौद."

"ठिगळ मारू की, आबा."

"मोड म्हंतो न्हवं! न्हाय फोडला तर माणूस जातंय, फोडला तर पोरं जायला बसल्याती. मी आता कशालाच हात लावत न्हाय."

आणि खरंच लावेनात. जेवायच्या ताटालाही नाही. रिकाम्या हौदाच्या कडेला नुसते बसून राहायचे. जाऊबाई रडकुंडीला आल्या. शेवटी मी तारेचा ब्रश घेऊन गेले आणि त्यांच्या मांडीवर टाकला.

"उठा. घासा."

"वैनी, माझ्याच्यानं..."

"गंज नारळानं निघत न्हाय, भाऊजी. घासावा लागतो."

त्यांनी ब्रश हातात घेतला. मग उठले. दोघं मिळून घासत बसलो, मी खालून, ते वरून. लाल धूळ अंगावर, पदरावर, ओठांवर. मध्येच हात थांबवून म्हणाले, "ती तार बी घासून बघायला पायजे व्हती."

"व्हय, पायजे व्हती," मी म्हणाले. "पर ती तार तुमच्या एकट्याची न्हवती. माझी बी व्हती, त्यांची सोत्ताची बी व्हती."

वेल्डरनं कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, वर लाल रंगाचे दोन हात दिले, कडा टोचू नयेत म्हणून फोम चिकटवला. नवा कागद अंथरला. पाणी सोडायच्या दिवशी भाऊजी लांब फाटकापाशी उभे, हात रिकामे. पुतण्या मोटरच्या बटणाशी घुटमळत होता. बापाच्या नारळाशिवाय कधी बटण दाबलेलं नाही ना! मग मीच घरातून नारळ आणला.

"वैनी, बाईमाणसानं नारळ फोडू न्हाय!" भाऊजी तिथनं ओरडले.

"आन त्यात कुकू न्हाय कपाळाला, असं म्हणा की!"

पत्र्यापासून लांब, गोठ्याच्या दगडावर हाणला. फुटेना. मेल्याला तीन वेळा आपटावं लागलं. दोन्ही भकलं घेऊन त्यांच्यासमोर गेले. "हा त्या दिसाचा, पिशवीतला बरं का, भाऊजी. फुटला. झालं आता."

ते तिथंच धुळीत बसले. डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली, खांदे नुसते हलत होते. कुणी जवळ गेलं नाही. मग उठले, चपला काढल्या, शिडी उतरून हौदात गेले आणि घोटाभर पाण्यात फिरत पायानं कागदाच्या सुरकुत्या दाबत राहिले, पाणी गुडघ्याला येईस्तोवर.

परवा नातवाची नवी सायकल आली. भाऊजींनी सीटवर नुसता हात ठेवला, बराच वेळ. मग ब्रेक दाबून पाहिला, साखळी पाहिली, आणि "जा" म्हणाले. त्याच संध्याकाळी मी आमटीला वाटण घ्यायला बसले आणि जाऊबाईंना हाक मारली, तर त्या रिकाम्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. घरात नारळच नव्हता.