राऊत मास्तरांचे फ्रेंच

राऊत मास्तरांना खुर्चीवर स्वस्थ बसलेले मी फारसे पाहिले नाही. यवतमाळच्या शाळेत आम्ही दोघेही इंग्रजी शिकवायचो. मधल्या सुट्टीत ते खोलीभर येरझाऱ्या घालत आणि त्यांचे फ्रेंचचे पुस्तक घेऊन मी बसायचे. मी एखाद्या वाक्यावर बोट ठेवले की ते वाकून पाहत आणि पुढची फेरी संपायच्या आत त्याचे इंग्रजी करून मोकळे होत. स्टेशन कुठे आहे, पाव केवढ्याला, मला बरे वाटत नाही. माझा चहा निवून जायचा.

"फ्रेंच मानसाजवळ भूक असते, इंग्रज सोताच भुकेला असते," 'मला भूक लागली' या वाक्याशी आले की ते म्हणत. "आपल्याले मात्र भूक लागते. पोट तिघायचंबी सारखंच!"

हे खूळ कशासाठी, असे एकदा मी चिडून विचारले. मास्तर तान्हे असताना त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात मजूर म्हणून फ्रान्सला गेले आणि तिथेच थंडीने वारले. "तिकडं थंडी किती असते, मायले एवढंच पुसाचं हाये," ते म्हणाले. "पुस्तकातलं तिले चालत नाही. तिथलाच मानूस पाह्यजे."

साठ सालच्या आसपास राजूरच्या कोळसा खाणीवर यंत्र बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला. बातमी कळताच मास्तरांनी मला एस.टी.त कोंबले. वाटभर ते उभेच. पण त्यांचे फ्रेंच ऐकून इंजिनिअर नुसता बघत राहिला. मास्तरांनी ती भाषा जन्मात कधी कानाने ऐकलीच नव्हती. शेवटी त्यांनी प्रश्न कागदावर लिहिला. त्याने खाली उत्तर लिहिले. सवयीने मास्तर मोठ्याने इंग्रजीत बोलून गेले, "व्हेरी कोल्ड. इव्हन द ग्राउंड फ्रीझेस." मग तडक बाहेर पडले.

घरी म्हातारी तूर पाखडत होती. लेकाने एक शब्द कमी न करता सांगितले, तिथे जमीनसुद्धा गोठते. मला त्यांचा राग आला. थोडे हातचे राखायला काय हरकत होती?

सूप थांबले. "मंग तुह्या बापाले पांघरायले काही देल्लं असन का रे?"

इंजिनिअरने त्याबद्दल अवाक्षरही लिहिले नव्हते. मास्तर दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग तिच्याजवळ खाली बसले.

"देल्लं व्हतं, माय. तो सायेब म्हने, एकेकाले दोन दोन घोंगडे."

"दोन," म्हातारी म्हणाली. "दोनात निभलं असन मंग."