मोकळी जागा

गराज आवरताना टाळांची जुनी जोडी सापडली आणि तळहातांना पितळेचा तोच आंबूस वास लागला.

ऐंशीच्या दशकातलं, टेक्सासमधलं शुगर लँड. लग्न होऊन नुकतीच आलेली मी पहिल्यांदाच मंडळाच्या भजनाला गेले होते. सगळ्या काकू कार्पेटवर दाटीवाटीने बसल्या होत्या, पण गाणाऱ्या अण्णांच्या शेजारी ऐसपैस जागा होती. मला वाटलं, मान म्हणून सोडली असेल.

"ये, इथे बस. हे टाळ धर," अण्णा म्हणाले.

भजन सुरू झालं आणि अण्णांनी ठेका धरला तो माझ्या मांडीवर. माझे दोन्ही हात टाळांत अडकलेले. मी सरकले, तसा त्यांचा हातही सरकला. समोरच्या काकूंनी ते पाहिलं, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "अण्णा जरा मोकळे आहेत गं. नेक्स्ट टाइम लवकर ये."

पुढच्या महिन्यात मी लवकर गेले. काकूंनी अंग चोरून मला शेजारी घेतलं. किती सुरक्षित वाटलं तेव्हा.

मग बेल वाजली. इंडियाहून नुकतीच आलेली कुणाची तरी बायको आत येऊन जागा शोधू लागली.

अण्णांनी टाळ उचलले.