किल्ली लावलेली गाडी

आमच्या दादाला राग आला की तोंड मागे राहतं आणि हात पुढे जातो. गिऱ्हाईक असो, शेजारी असो, नाहीतर गंजलेला बोल्ट, सगळ्यांना एकच न्याय. मी त्याची पाठची बहीण. गॅरेजच्या दर्शनी भागात स्पेअर पार्टचा काउंटर सांभाळते आणि तिथून सगळे तमाशे बघते. एका माणसाने नुसतं "काम नीट झालंय ना?" एवढंच विचारलं, तर दादाने त्याचंच हेल्मेट उचलून त्याच्या खांद्यावर हाणलं. तो माणूस गाडी सोडून पळाला, दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवून ती मागवून घेतली.

हे वळण बापाने लावलं. बापही मेकॅनिक. नट सैल राहिला की तो बोलायचा नाही, हातातल्या पान्याने बोटांवर मारायचा. दादाचं मधलं बोट तेव्हाच मोडलं आणि वाकडंच जुळलं. बाप गेला, पण त्यानंतरही दादाच्या हातून एक नट सैल सुटला नाही. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक आहे.

आमच्या धाकट्या भावाने बापाचा मार खाल्ला, वर दादाचाही. पण तोही आमच्याच घरातला. एकदा दादाने त्याच्या पाठीवर मोटरसायकलची चेन ओढली, तेव्हा त्याने हातातला सायलेन्सर गरकन फिरवला आणि दादाचे दोन दात जमिनीवर पडले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आई शेवटपर्यंत म्हणायची, "यांच्यातला एक दुसऱ्याच्या हातून जाणार, बघ तू." ती सुटली, ही भीती माझ्या गळ्यात मारून.

बोलणं बंद असलं तरी धंदा एकच. दुरुस्ती दादाची, ट्रायल धाकट्याची. काम चालू असेल तोवर किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला. काम संपलं की दादा ती गाडीच्या स्विचमध्ये लावून बाजूला व्हायचा. किल्ली लावलेली दिसली की धाकट्याने गाडी काढायची आणि चक्कर मारून आणायची. बाकी जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. हाकेच्या अंतरावर उभे राहून दोघं मला निरोप द्यायचे, जसा काही मधे समुद्र होता.

त्या सकाळी एक मास्तरीणबाई मोटरसायकल घेऊन आल्या. आजारपणात गाडी उभी राहिली, बॅटरी पार झोपली. शेजाऱ्याने आपल्या कारला वायर जोडून चालू करून दिली, पण तेव्हापासून मीटरवर पिवळा दिवा पेटला तो विझेना. ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी जी यंत्रणा असते, तिचा दिवा. दादाने बॅटरी काढून चार्जिंगला लावली, भरली, मोजली, परत बसवली. दिवा तसाच.

दादाला असली दुखणी आवडत नाहीत. "लोखंडाला काही झालं तर ते आवाज करतं," तो चिडून म्हणाला. "हा भडवा नुसता डोळे वटारतो."

पलीकडून धाकटा मला म्हणाला, "ताई, त्याला म्हणावं उगाच खोलत बसू नकोस. बॅटरी खाली गेली तेव्हाची चूक गाडीच्या डोक्यात राहिलीय. जागच्या जागी दिवा विझत नाही. आता बॅटरी भरलीय, थोडी पळव, दोन्ही चाकं नीट फिरताना दिसली की आपोआप विझेल."

मी तोंड उघडायच्या आत दादा कडाडला, "त्याला सांग, अक्कल विकायची तर बाहेर जाऊन दुकान टाक!" आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर भिरकावला. तो धाकट्याच्या कानाला चाटून कपाटात घुसला. धाकट्याने कान पुसला, बोटावरचं रक्त पाहिलं आणि आत गेला. मला दोघांचीही मुंडकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

दादाला संशय पुढच्या चाकाजवळच्या सेन्सरचा. त्याने चाक उतरवलं, सेन्सर पुसला, चाक परत चढवलं, चाक धरून ठेवणारा एक्सल आत सरकवला आणि त्याचा नट तात्पुरता बोटांनीच फिरवला. आधी दिवा बघू, मग आवळू, असा त्याचा हिशेब. आणि दिवा बघायचा तर किल्ली लावलीच पाहिजे. ती त्याने लावली.

नेमका तेव्हाच एका टेम्पोवाल्याने गॅरेजच्या तोंडावर टेम्पो आडवा घातला आणि वर हॉर्न वाजवला. झालं. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच बाहेर धावला, टेम्पोवाल्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि रस्त्यातच बुकलायला लागला. मी ओरडत मागे धावले. माणसं जमली. टेम्पोवाल्याच्या नाकातून रक्त यायला लागलं, तरी दादाचा हात थांबेना.

आरडाओरडा ऐकून धाकटा आतून आला. मारामारीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, ती रोजचीच. त्याची नजर गेली मोटरसायकलकडे. किल्ली स्विचमध्ये. मी मागे वळले तेव्हा तो गाडीवर बसून हसत होता. किती वर्षांनी त्याला हसताना पाहिलं! अंगठा वर करून त्याने मला खूण केली आणि टेम्पोच्या बाजूच्या फटीतून गाडी बाहेर काढली.

दादाने ते पाहिलं. त्याच्या हातातली कॉलर सुटली.

"थांब! अरे थांब!"

इतक्या वर्षांनी तो धाकट्याशी बोलला तो असा. पण दादा ओरडतो म्हणजे शिव्याच देतो, हे धाकट्याला पाठ होतं. त्याने गाडीची मूठ आणखी पिळली. वळणापुढच्या गतिरोधकावर पुढचं चाक उडालं. गाडी धाकट्याला घेऊन फरफटत गेली आणि लोखंडी कठड्यावर आदळली. पाय गाडी आणि कठड्याच्या मधे होता.

डॉक्टरांनी तो गुडघ्याखालून कापला.

बाहेरच्या बाकावर बसले असताना गल्लीतली कुजबुज माझ्यापर्यंत आलीच. याच्या हातून नट सैल राहत नाही, मग आज बरा राहिला! हवालदारही तेच विचारत होता. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी दादाच्या छातीवर बुक्क्या मारत विचारलं, "मुद्दाम केलंस? बोल ना, मुद्दाम केलंस?" त्याने एकही बुक्की चुकवली नाही.

धाकटा शुद्धीवर आला तेव्हा हवालदार उशाशी होता. दादा दारातच उभा राहिला, आत यायची त्याची छाती होईना. "भावावर संशय आहे का?" हवालदाराने विचारलं. एका शब्दाने दादा गजाआड गेला असता. धाकट्याने मान दाराकडे वळवली.

"दिवा विझला होता," तो थेट दादालाच म्हणाला. "वळणावर पोचायच्या आत विझला."

दादाने मान डोलावली.

"किल्ली बघितली आणि वाटलं, आज तू माझं ऐकलंस." मग तो हवालदाराकडे वळला. "संशय नाही. लिहा."

दादा पलंगाशी आला आणि लोखंडी दांड्यावर कपाळ आपटायला लागला. रक्त आलं तरी आपटत होता. धाकट्याने हात लांब करून त्याचे केस मुठीत धरले. मारायला धरले की थांबवायला, मला कळलं नाही. पण सोडले नाहीत.

त्या दिवसापासून दादाचा हात थंडावला, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. दुसऱ्याच दिवशी त्याने दवाखान्याच्या रखवालदाराच्या थोबाडीत मारली. भेटायची वेळ संपली म्हणून तो आत सोडत नव्हता, आणि दादाला धाकट्याला जेवण भरवायचं होतं.