लीलची पांजरापोळ

"हाथ बहार काढ, डीकरा. पहेलां हाथ बहार काढ."

माझा उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. हातात टूथब्रश. काचेपलीकडून दोन क्लाउनफिश माझ्याकडे बघतायत, आणि मागे बा उभ्या. पांढरी साडी, हातात जपमाळ. मी हात काढला. सुरतेतल्या वेसूच्या त्या फ्लॅटच्या इटालियन मार्बलवर खारं पाणी टप टप.

"शुं करे छे?"

"बा, लील साफ करुं छुं."

"लीलने हाथ न अडाडाय. अनंत जीव छे एमां."

लील म्हणजे आपलं शेवाळ. बा जैन. शेवाळाच्या कणभर तुकड्यात मोजता येणार नाहीत इतके जीव असतात, असं ही मंडळी मानतात. पावसाळ्यात वाटेवर शेवाळ दिसलं तर लांबून वळसा घालून जातात. आणि मी आलो होतो ब्रश घेऊन.

माझं काम अ‍ॅक्वेरियम मेंटेनन्सचं. त्यातही खाऱ्या पाण्याचे रीफ टँक, म्हणजे घरात काचेच्या पेटीत छोटा समुद्र. जिवंत दगड, कोरल, कोळंब्या, मासे. डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी गल्लीत हे कोणाला पटत नाही. आई तर सरळ विचारते, "मासासले आंघोय घालानं बी काम ऱ्हास का?"

हा टँक हितेशभाईंचा. बांचा मुलगा, कपड्याचा व्यापारी. दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ इतकं वाढलेलं की टँकला कटिंगची गरज होती. त्याखाली कोरल गुदमरत होते. आणि दहा दिवसांनी हितेशभाईंच्या मुलीची सगाई, पाहुणे घरी येणार, फोटो या टँकसमोर.

"देख भाऊ, सगाई तक एकदम चोक्खा चाहिए," हितेशभाई म्हणाले. सुरतेत मराठी माणूस दिसला की तो 'भाऊ'. नाव विचारायची पद्धत नाही.

आमचा बॉस धर्मेशभाई त्याहून थोडक्यात बोलला. "भाऊ, ये क्लायंट गया तो तू भी गया."

गेलो तर कुठे? परत एम्ब्रॉयडरी मशीनवर, पप्पांच्या शेजारी. बारा तास खट खट खट. नंतर घरी आलं तरी कानात खट खट. तिथून सुटून मला जेमतेम वर्ष झालं होतं.

आता शेवाळाला हात लावायचा नाही. ठीक. मग शेवाळ येतंय कुठून ते शोधू, म्हटलं. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खत म्हणजे पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांची घाण आणि उरलेलं खाणं सडलं की ते तयार होतं. टेस्ट किटमध्ये पाणी घेऊन थेंब टाकायचे, रंग बघायचा. जितका गडद, तितकं खत. माझ्या नळीतला रंग असा आला की चार्टवर त्याला जागाच नव्हती.

टँकमध्ये भरायचं फिल्टरचं पाणी तपासलं. स्वच्छ. हितेशभाईंना विचारलं, "खाना कितना डालते हो?"

"दिन में एक बार. चुटकी."

खोटं बोलणारा माणूस नाही तो. मग मी टँकखालचं कपाट उघडलं. तिथे दुसरी काचेची पेटी असते, तिला संप म्हणतात. वरचं पाणी कापडी पिशवीतून गाळून तिच्यात पडतं. पिशवी उलटी केली, तर आतून फुगलेला ममरा पडला. मग दुसरा. मग ओंजळभर. ममरा म्हणजे आपले मुरमुरे. समुद्रात ते पिकत नाहीत हे मला शाळेत शिकवलं होतं.

मुरमुरे घेऊन मी किचनमध्ये गेलो. तिथे स्वयंपाकाचे महाराज माझ्याकडे पाठ करून रोटल्या लाटत होते. विचारलं, "महाराज, ये मछली को कौन खिलाता है?"

"हमको नहीं मालूम."

आता मला एक वाईट सवय आहे. गावी, दोंडाईच्याच्या शाळेत, हेडसरांच्या आवाजात मी एकदा सुट्टी जाहीर केली होती. निम्मी शाळा घरी गेली. तीच खाज परत उठली. घसा किंचित बसवला, शब्द जरा लांबवले आणि बांच्या आवाजात म्हणालो, "महाराऽज! माछलीने ममरा कोणे नाख्या?"

महाराज लाटणं न थांबवता म्हणाले, "आपने ही तो डाले, बा. रोज तो डालती हो. सूरज डूबने से पहले, मुट्ठी भर के."

केस सुटली म्हणून मी खुशीत वळलो. दारात बा.

मी मनातल्या मनात मशीनवर जाऊन बसलो. दोरा पण ओवला.

"मारो अवाज आवो छे?" बांनी विचारलं.

"ना, बा... थोडो..."

"फरीथी बोल."

परत बोललो. काय करणार? महाराजांनी तोंडात टॉवेल कोंबला. बांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय, म्हणून मी घाबरलो. बा हसत होत्या.

मग त्यांनीच सांगितलं. त्या चोविहार करतात, म्हणजे सूर्य बुडला की अन्नही नाही, पाणीही नाही. घरात आपण दिवसा जेवून घेतो, मग या मुक्या जिवांनी रात्र उपाशी काढायची? म्हणून रोज उजेड असताना मूठभर ममरा. मुलाची चुटकी त्यांना चुटकीच वाटायची. थोडक्यात, त्या घरातले मासे चोविहार करत होते. शेवाळ मात्र चोवीस तास जेवत होतं.

"बा, हे बंद करावं लागेल," मी गुजरातीत सांगितलं. "त्याचंच खत होतंय."

"बंद करीश. पण लीलने मारवानी नहीं."

हितेशभाईंनी मला लिफ्टपाशी गाठलं. हळूच म्हणाले, "दवा डाल दे ना. बा को क्या पता चलेगा?"

शेवाळ मारायचं औषध मिळतं. पण मेलेलं शेवाळ तिथेच सडतं, त्याचं परत खत होतं, आणि औषध चुकलं तर कोळंब्या आधी जातात. हे सगळं मी त्यांना सांगितलं. एक गोष्ट नाही सांगितली. ज्या बाईने स्वतःची नक्कल फरमाईश करून ऐकली, तिला फसवायला माझा हात उचलेना.

घरी जाताना सिग्नलला एक टेम्पो शेजारी थांबला. मागे दोन लंगड्या गाई, आणि बाजूला पांजरापोळीचं नाव. म्हातारी, जखमी, कोणाला नको असलेली जनावरं सांभाळतात ती पांजरापोळ. हिरवा लागला तरी मी तिथेच. मागचा हॉर्नवर बसला.

सकाळी वेसूला पोचलो. "बा, आपण लीलसाठी पांजरापोळ काढू."

आमच्या धंद्यात याला रिफ्युजियम म्हणतात. खालच्या संपमध्ये एक कप्पा करायचा, त्यावर चांगला लाइट लावायचा, आणि शेवाळ तिथे वाढू द्यायचं. खालचं शेवाळ पाण्यातलं खत खातं, वरच्याला उरत नाही. मारायचं नाही, पत्ता बदलायचा.

बांनी पाच मिनिटं विचार केला. माळ पुढे सरकत होती. मग म्हणाल्या, "जयणाथी करजे." म्हणजे जीव सांभाळून.

तीन दिवस मी शेवाळाचं शिफ्टिंग केलं. शेवाळ लागलेले छोटे दगड पाण्याच्या वाडग्यात ठेवून अख्खेच खाली नेले. कोरलवाल्या दगडांवरचं बोटांनी, पाण्यातच, एकेक बट करून सोडवलं. बा खुर्ची टाकून सुपरव्हिजनला. "धीमे! धीमे!" एम्ब्रॉयडरीचा सुपरवायझर बरा होता. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडायच्या होत्या, ते भीत भीत विचारलं. बा म्हणाल्या, "ए तो एनो आहार छे." ती फाइल पास.

वरचा लाइट कमी तास, ममरा बंद, दोनदा थोडं थोडं पाणी बदललं. सातव्या दिवशी टेस्टचा रंग चार्टवर परत आला. सगाईच्या सकाळी दगड परत मूळचे जांभळे दिसत होते आणि कोरल फुलले होते.

मला बोलावलं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून टँकजवळ उभा राहायला. पाहुणे आले. हितेशभाई त्यांना टँक दाखवायला लागले, तेवढ्यात बा विहीणबाईंचा हात धरून खाली बसल्या आणि कपाटाचं दार उघडलं. "ऊपर तो बधा जुए. आ जुओ. अमारी लीलनी पांजरापोळ." मग सगळं व्याही मंडळ वाकलं. फोटोत सुंदर टँक आहे आणि त्यासमोर पाहुण्यांच्या ओळीने पाठी आहेत.

मी टिकलो. धर्मेशभाई आता प्रत्येक क्लायंटला 'पांजरापोळ सिस्टिम' सांगतो, जणू त्यालाच सुचली. आणि दर गुरुवारी मी गेलो की बा आधी मला त्यांच्याच आवाजात महाराजांना ओरडायला लावतात, मग काम.

एकच अडचण राहिली. पांजरापोळीतलं शेवाळ वाढतं. छाटावं लागतं. बा फेकू देत नाहीत. थोडं धर्मेशभाईच्या दुकानातल्या टँकमध्ये जातं, आणि थोडं, आता काय सांगू, डिंडोलीला माझ्या खिडकीत, खाऱ्या पाण्याच्या बरणीत.

परवा बरणीकडे लक्ष गेलं. वर काहीतरी पांढरं तरंगत होतं. मुरमुरा.

"आई, हे कोणी टाकलं?"

"मीच," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "बिचारं भुक्याच बठेल व्हतं."

टेस्ट किट पाण्यात काय आहे ते बरोबर सांगतं. ते टाकलं कोणी, हे किचनमध्ये जाऊनच विचारावं लागतं.