फौजदार ड्यूटीवर गेलाय

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. मी नगर जिल्ह्यातली, ख्रिस्ती घरातली, आणि जन्मभर शाळेत मुलांना "कशावरून?" हा एकच प्रश्न विचारत आलेली बाई. कुणी अंगात आल्याचं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जायची. पण या सदरात लोक काय काय लिहितात ते वाचून वाटलं, आपलंही एकदा लिहून टाकावं. हसायचं तर खुशाल हसा.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. पारनेर तालुक्यातलं गाव... नाव कशाला हवंय? गावाच्या मागे नुसता माळ. कुसळी गवत, बोरीच्या जाळ्या, घायपात. माझे यजमान लष्करात मोटार चालवायला गेले होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला. घरी मी, सासरे आणि माझी पाच वर्षांची रूथ. तिला सगळे रूती म्हणायचे. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो.

आणि फौजदार. फौजदार म्हणजे आप्पांचा पाळलेला तित्तर! पिल्लू असताना त्यांनी तो माळावरून आणला होता आणि ओळखीसाठी पायात लाल दोरा बांधला होता. त्या काळी शिकारीची हौस असलेले लोक असा तित्तर पाळत आणि पिंजऱ्यात घालून रानात नेत. तो ओरडला की रानातले नर त्याच्याशी भांडायला यायचे आणि भोवती लावलेल्या फाशात अडकायचे. म्हातारपणी आप्पांनी फासे सोडले, पण पक्षी सोडला नाही. रोज सकाळी रूतीला घेऊन माळावर जायचे आणि पिंजऱ्याचं दार उघडायचे. फौजदार वाळवी टिपत हिंडायचा. आप्पांनी चुटकी वाजवली की जिथं असेल तिथून ओ द्यायचा आणि तुरुतुरु पळत यायचा.

मला मेला त्याचा वैताग होता. उजाडायच्या आत बोंब ठोकायचा. कुठल्याशा झुंजीत नरड्याला इजा झाली होती, त्यामुळे दोनदा नीट "तितीतर, तितीतर" म्हणायचा आणि तिसऱ्यांदा "तिती—" वरच अडकायचा, ठसका लागल्यासारखा. सारं गाव त्याची नक्कल करायचं.

त्या उन्हाळ्यात तो मेला. वय झालं होतं. आप्पांनी परसात शेवग्याखाली पुरला. रूती उठून पिंजऱ्यापाशी गेली आणि विचारायला लागली, तेव्हा आप्पा म्हणाले,

"फौजदार ड्यूटीवर गेलाय, बाळा."

"बाबांसारखा?"

"व्हय. बाबांसारखा."

मी चुलीपुढे होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाकरी थापत राहिले.

दुसऱ्याच दिवशी सकाळची शाळा सुटून घरी आले, तर आप्पा ओट्यावर डुलक्या घेत होते. रूती कुठं दिसेना. शेजारी पाहिलं, चावडीपाशी पाहिलं, विहिरीत... हो, विहिरीतही वाकून पाहिलं. घरी परत आले आणि खुंटीकडे लक्ष गेलं. रिकामा पिंजरा जागेवर नव्हता. पोर फौजदाराला परत आणायला गेली होती!

माळ केवढा, ती केवढी. गावातली माणसं, बाया, शाळेतली मोठी मुलं, सगळे निघाले. "रूती! ए रूती!" ओरडून ओरडून घसे बसले. माझ्या पायात चपला होत्या की नव्हत्या, आठवत नाही. रात्री काटे काढले तेव्हा कळलं की नव्हत्या. ऊन असं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. प्रार्थना करायला जावं तर "हे प्रभू" एवढंच तोंडातून निघायचं, पुढे शब्दच नाहीत. एकीकडे डोक्यात एकच — यांना काय कळवू? कुठल्या तोंडाने कळवू?

आमच्या वस्तीशेजारचा भिवा मेंढपाळ. त्याचा जन्म त्या माळावर गेलेला. दिवस कलायला लागला तसा तो आप्पांना जरा बाजूला घेऊन म्हणाला, "आप्पा, सकाळच्याला त्या अंगाला माग बघितलाय म्या. कुत्र्याचा न्हवं." हळू बोलला, तरी मी ऐकलंच. लांडगे. मागच्याच हिवाळ्यात त्याच्या पाहुण्यांचं लेकरू लांडग्यांनी पळवलं होतं. मी तोंडात पदर कोंबला.

आप्पा एकदम ओरडले, "गप ऱ्हावा! समदी गप ऱ्हावा!"

सगळे थांबले. आप्पांनी हात वर केला आणि चुटकी वाजवली. एकदा, मग परत एकदा. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं." मलाही तेच वाटलं, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. माझी पोर जातेय आणि हे चुटक्या काय वाजवताहेत!

आणि ओ आली.

"तितीतर, तितीतर, तिती—"

तोच ठसका. भिवाने माझ्याकडे पाहिलं.

आप्पांनी परत चुटकी वाजवली. परत ओ. ते आवाजाकडे चालायला लागले, आम्ही सगळे मागून. थांबायचे, चुटकी वाजवायचे, ऐकायचे, चालायचे. ज्या बोरीच्या दाट जाळीजवळून आम्ही दुपारपासून कितीदा तरी गेलो होतो, तिथं आवाज अगदी पायाखालून आला. भिवाने काठीने फांद्या सारल्या. आत कुणीतरी खणायला घेऊन अर्धवट सोडलेली विहीर होती, पुरुषभर खोल. तळाशी माझी रूती, पाय मुरगळलेला, कुशीत रिकामा पिंजरा. आणि काठावर, मऊ मातीत, लांडग्याचे माग. ताजे.

भिवा उडी मारून आत उतरला आणि तिला वर दिलं. मी तिला छातीशी धरलं आणि रडू की हसू मला कळेना. तिचा घसा पार बसला होता, नुसता वारा यायचा.

"मी खूप हाका मारल्या, आई," ती कानात म्हणाली. "माझा आवाज गेला. मग फौजदाराने मारल्या."

माणसांनी आसपासची जाळी न् जाळी झोडपली. एक पाखरू उडालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कुदळ घेऊन शेवग्याखाली गेले. मीही गेले. मला बघायचंच होतं... कशावरून? माती उकरली. फौजदार तिथंच होता, पायातल्या लाल दोऱ्यासकट. आप्पांनी माती सारखी केली.

तुम्ही म्हणाल, रानातला दुसरा तित्तर असेल. मीही स्वतःला तेच समजावून पाहिलं. पण रानातला तित्तर माणसाच्या चाहुलीने गप होतो, चुटकीला ओ देत नाही. आणि तोच ठसका? भास म्हणावा, तर सगळ्या गावाला एकच भास कसा झाला? मला उत्तर सापडलेलं नाही. आता सापडेल असंही वाटत नाही.

रूती आज नातवंडांची आजी आहे. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही.

पुढच्या पावसाळ्यात सरकारी तार आली. हे गेले. घरात आयाबाया जमल्या होत्या, रूती भेदरून माझ्या मांडीत शिरली होती. संध्याकाळी आप्पा कुठं दिसेनात म्हणून मी मागच्या दाराला आले. ते माळाच्या कडेला पाठमोरे उभे होते. हात वर करून चुटकी वाजवत होते. थांबायचे, मान तिरपी करून ऐकायचे, परत वाजवायचे.

मी त्यांना घरात चला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. चौकट धरून तिथंच उभी राहिले, आणि त्यांच्यासारखीच कान देऊन ऐकत राहिले. अंधार पडेपर्यंत.