खैराचं दांडकं

अण्णा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा नील रडला. रेवाने विचारलं, "आजी, व्हेंटिलेटर का नाही लावला?" मी म्हटलं, लिहून कळवते. त्याला आता महिना उलटून गेला. मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत शिकवलं, रेवा, नील, तुम्हालाही इंग्रजीच सोपं, पण हे मला इंग्रजीत लिहिता येईना. तुमची आई वाचून दाखवेल. प्रश्न एका वाक्याचा होता, उत्तराची सुरुवात मात्र पनवेलपासून करावी लागते. क्रमानेच सांगते.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचे बाबा पनवेलला डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती. तेव्हा परवाना घेऊन शिकार करता येत असे. पावसाळा सरला की बाबा आणि अण्णा डोंगरात भेकराच्या मागे जात. भेकर म्हणजे लहानसं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. घरी त्याचं मटण शिजायचं आणि आम्ही ते आवडीने खायचो, हे तुमच्यापासून लपवत नाही. बाबांची एक शिस्त होती. जनावराचं रक्त सांडलं की माग सोडायचा नाही, मग अंधार पडो की काटे लागोत. बंदुकीबरोबर ते खैराचं एक हातभर दांडकं न्यायचे. जखमी जनावरावर दुसरं काडतूस खर्च करायचं नाही, जवळ जाऊन स्वतःच्या हाताने संपवायचं.

एका संध्याकाळी अण्णा एकटाच बंदूक घेऊन गेला. कॉलेजात होता, मिसरूड फुटलेलं. परत आला तो म्हणाला, नेम चुकला. जेवायला बसला. बाबांनी त्याच्या पायजम्याकडे पाहिलं. गुडघ्याखाली रक्त लागलं होतं, आणि अण्णाला कुठे खरचटलेलंही नव्हतं. बाबा ताटावरून उठले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते अजून तिथे आहे."

सकाळी उजाडताच दोघे निघाले, आणि मी हट्ट करून मागे लागले. ओढ्यापलीकडे करवीची दाट झुडपं होती. पानांवर वाळलेलं रक्त पाहत बाबा पुढे चालले होते. भेकर सापडलं तेव्हा मला आधी वाटलं, ते मेलं आहे. गोळी त्याच्या मागच्या मांडीत शिरली होती, हाड मोडून बाहेर आलं होतं. पळता येत नव्हतं म्हणून कोल्ह्यांनी त्याला मागून खायला सुरुवात केली होती... जिवंत असताना. मांडी आणि पोट उघडं पडलं होतं, माश्या घोंगावत होत्या, आणि डोळा मात्र आमच्याकडे फिरला. ते भुंकायचा प्रयत्न करत होतं, घशातून नुसता फेस येत होता.

बाबांनी दांडकं अण्णाच्या हातात दिलं. अण्णाने डोळे मिटून घेतले आणि मारलं. घाव शिंगाशेजारी घसरला, कातडी सोलून निघाली. भेकर पुढच्या पायांवर उठलं आणि कोसळलं. दुसरा घाव जबड्यावर बसला, दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. बाबांनी अण्णाची हनुवटी धरून तोंड वर केलं. "डोळे उघड. तुझ्या मिटल्या डोळ्यांचा त्रास त्याला होतोय." तिसरा घाव अण्णाने बघून मारला. मग तो तिथेच ओकला. त्या दिवशी आमच्या घरी मटण शिजलं नाही. बाबांनी अण्णाकडूनच खड्डा खणून घेतला आणि भेकर पुरून घेतलं.

पुढे शिकारीला बंदी आली. अण्णा म्हणायचा, बरं झालं. बंदूक जमा झाली, दांडकं राहिलं. महाप्याच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर तो गळाने मासे धरण्याकडे वळला. आमच्या बेलापूरच्या सोसायटीत तो खालच्या मजल्यावर एकटा, वहिनी गेल्यानंतर, मी वर. दर रविवारी पहाटे त्याच्या गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्यांचा बडीशेपेचा वास जिन्यातून वर यायचा. तलावावर हौशी गळवाल्यांच्या स्पर्धा भरायच्या. मासा धरायचा, जिवंत तोलायचा, फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. मेलेला मासा तोलायला आणला की स्पर्धक बाद.

त्यातलीच एक स्पर्धा तुम्ही दोघांनी पाहिलीत. नील लहान होता, त्याला आठवत नसेल. रेवाला आठवतं, मला माहीत आहे. अण्णाच्या गळाला कटला लागला होता, केवढा तरी. अण्णाने तो दमवून दमवून काठावर आणला आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. कप त्याचाच होता. पण माशाने गळ खोल गिळला होता. कल्ला फाटला होता आणि प्रत्येक श्वासाला रक्ताची गुळणी बाहेर पडत होती. स्पर्धेचे पंच इक्बालभाई, अण्णाचे जुने मित्र, खाली वाकून हळूच म्हणाले, "अण्णा, पटकन तोलून घेऊ. मग द्या सोडून. पान्यात जगला की मेला, कोन बघायला जातंय?"

"मी गेलोय बघायला एकदा," अण्णा म्हणाला. त्याने पिशवीतून दांडकं काढलं आणि माशाच्या डोक्यावर एकच घाव घातला. कवटी फुटली, रक्त उडून रेवाच्या पिवळ्या फ्रॉकवर आलं. मासा एकदा थरथरला आणि थांबला.

"गेला कप तुमचा," इक्बालभाई म्हणाले.

"मासा तरी नीट गेला ना."

येताना अण्णाने तो बाजारात दिवाळे गावच्या कोळणीकडे कापायला दिला. ती म्हणाली, "गोऱ्या पान्याचा, तलावाचा मासा हाय ह्यो, चिखलाचा वास येल. नि डोकं कोनी फोरलं असं, दुश्मनी होती का काय?" अण्णा हसला. रेवा हसली नाही. घरी येऊन तिने त्याला 'किलर' म्हटलं आणि सुट्टी संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसली नाही. अण्णाने तिला समजावलं नाही. तुम्ही परत गेलात त्या दिवशी तो माझ्याकडे चहाला आला आणि कपाकडे बघत म्हणाला, "शकू, माझ्यावर वेळ आली तर मला करवीत ठेवू नकोस." मी हो म्हटलं. चहा पिता पिता माणूस कशालाही हो म्हणतो.

वेळ आली. मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात मला आत सोडलं तेव्हा अण्णाला झटके येत होते. जीभ दातांखाली चिरली होती, उशी लाल झाली होती. नाकात घातलेली नळी त्याने उपसून काढली होती, ती पुन्हा घालताना नाकातूनही रक्त आलं. हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते आणि तो त्या पट्ट्या ओढत होता, मनगटं सोलून निघेपर्यंत. डोळे उघडे होते. एक डोळा माझ्याकडे फिरला... मी तो डोळा ओळखला.

डॉक्टर तुमच्या बाबाच्या वयाचे. ते म्हणाले, "मशीनवर ठेवलं तर काही आठवडे निघतील, आजी. शुद्धीवर येतील असं मात्र मी म्हणणार नाही." सोसायटीचे लोक बाहेर होते, सगळ्यांचं एकच, लावून टाका, नंतर मनाला लागून राहतं. मी इक्बालभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "ताई, मला नका विचारू. तलावावर मी त्या माशाला सोडून द्या म्हनालो होतो."

मी डॉक्टरांना सांगितलं, मशीन नको. दुखू नये म्हणून जे देता येईल ते द्या, आणि हात सोडा. पट्ट्या मीच सोडल्या. औषधाने झटके थांबले, पण श्वास थांबायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. शेवटी शेवटी छातीतून घुरघुर यायची, मध्येच श्वास अडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. नर्स दोनदा म्हणाली, आजी, तुम्ही बाहेर बसा, हे बघवणार नाही. मी बसून राहिले. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी बघत होते, शेवटपर्यंत. बाबांनी शिकवलेलं मीही तिथेच शिकले होते, करवीत.

रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ते तुला पटलंच पाहिजे असं नाही. अण्णाच्या हातून मेलेलं सगळं तू मला मोजायला लावलंस तर मी मोजेन, त्यातलं एकही मी पुसणार नाही.

मागच्या आठवड्यात अण्णाचं घर आवरलं. गळाच्या काठ्या इक्बालभाई घेऊन गेले. दांडकं बाल्कनीत खिळ्याला होतं. ते मी त्यांच्या पुढे केलं, तर म्हणाले, "हे घरचं हाय ताई, घरातच ठेवा." मी ते घासून धुतलं. मुठीपाशी बाबांच्या आणि अण्णाच्या तळव्यांनी लाकूड गुळगुळीत, काळं झालं आहे. टोकाकडचे डाग निघाले नाहीत. ते आता माझ्या ओट्याच्या वर टांगलं आहे. कामाला येणारी रखमा म्हणते, झाकून ठेवा, बघून कसंतरी होतं. मलाही होतं. रोज सकाळी दूध तापत ठेवलं की ते समोर येतं, आणि दूध वर येईपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभी राहते.